इंजिन जलद, पंखा सावकाश

बंगळुरू शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी ही जुनी वसाहत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीच्या पेठांतील लोकांना मोकळ्या जागी वसवण्यासाठी ती आखण्यात आली. टेकडीवरील पाषाणाचा भव्य नंदी, कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारी भरणारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा आणि फुला-फळांच्या दुकानांनी गजबजलेला गांधी बाजार यांमुळे ही वसाहत सर्वांना परिचित आहे. विमानविद्येशीही तिचे नाते आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. गांधी बाजारातील आचार्य पाठशाळेत शिकलेले रोद्दम नरसिंह पुढे देशातील अग्रगण्य वैमानिकी शास्त्रज्ञ झाले आणि १९८४ ते १९९३ या काळात त्यांनी बंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेचे, म्हणजे एनएएलचे, संचालकपद सांभाळले. याच वसाहतीतील नॅशनल कॉलेजात डॉ. एच. नरसिंहय्या यांनी १९६२ मध्ये बंगलोर सायन्स फोरम ही संस्था सुरू केली. सामान्य नागरिकाला विज्ञान समजावे, यासाठी तेथे तज्ज्ञांची व्याख्याने होऊ लागली.

ज्या शहरात विमाने घडतात, त्या शहरातील नागरिकाला सहज पडावा असा एक प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. एनएएलने ‘हंस’ नावाचे दोन आसनी प्रशिक्षण-विमान तयार केले. देशातील उड्डाण क्लबांमध्ये नवशिक्या वैमानिकांना शिकवण्यासाठी स्वस्त, हलके आणि सुरक्षित विमान हवे होते; ती गरज भागवणे हा त्यामागील हेतू होता. त्याचा ‘हंस-२’ हा नमुना १९९३ मध्ये आकाशात गेला. त्याला कॉन्टिनेन्टल कंपनीचे १२५ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि नाकावरचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला होता. पुढच्या ‘हंस-३’ मध्ये हे इंजिन बदलले. त्याच्या जागी ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ९१४ हे इंजिन आले आणि इंजिन व पंखा यांच्यामध्ये एक लहानशी दंतचक्रांची पेटी आली. याच रूपातील विमानाला २००० मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रमाणपत्र मिळाले. पंखा थेट फिरत असताना मध्ये ही पेटी कशासाठी आणली? जे यंत्र अधिक भागांचे, ते बिघडण्याच्या जागाही अधिक. आणि विमानाचे इंजिन हवेत बंद पडले तर ते रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही. असे असतानाही अभियंते ही पेटी स्वीकारतात, याला सबळ कारण असले पाहिजे.

उसाच्या रसाच्या गाड्याजवळ क्षणभर थांबले, तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. गाड्यावरची मोटार लहान असते आणि भर्रकन फिरते. तिच्या दांड्यावर छोटी कप्पी असते. पट्ट्याने ती एका मोठ्या चाकाला जोडलेली असते. मोठे चाक सावकाश फिरते, आणि त्याच्या जोरावर लोखंडी लाटांमधून ऊस पिळून निघतो. मोटारीच्या दांड्यालाच थेट लाट बसवली, तर ऊस अडकताच मोटार थांबेल. वेग सोडला की जोर मिळतो, हा यंत्रविद्येतील जुना व्यवहार आहे. यंत्राची शक्ती ही वेग आणि फिरवण्याचा जोर यांचा गुणाकार असते. शक्ती तेवढीच ठेवून वेग निम्मा केला, तर जोर दुप्पट होतो. या फिरवण्याच्या जोराला कारखान्यात टॉर्क म्हणतात. विमानातील वेग उतरवणारी पेटी, जिला कारागीर रिडक्शन गिअरबॉक्स म्हणतात, हाच व्यवहार करते.

उरलेले अर्धे उत्तर मात्र पंख्याच्या स्वभावात आहे. प्रोपेलर फिरतो तेव्हा त्याच्या पात्याचा बुंधा हळू सरकतो आणि टोक अतिशय वेगाने धावते. १.७ मीटर व्यासाचा पंखा घेतला, तर त्याच्या टोकाला एका फेरीत सुमारे ५.३४ मीटर अंतर कापावे लागते. इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्या करीत असेल आणि पंखा त्यावर थेट बसवलेला असेल, तर सेकंदाला जवळजवळ ९७ फेऱ्या होतील आणि टोकाचा वेग सेकंदाला ५१६ मीटर होईल. जमिनीलगतच्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. म्हणजे पात्याचे टोक ध्वनीच्या दीडपट वेगाने हवेत घुसेल. ध्वनीच्या वेगाजवळ जाताच हवेचे वागणे बदलते. ती पात्यावरून सुरळीत वाहत नाही. तिच्यात आघात-लहरी निर्माण होतात, पात्याला होणारा विरोध एकदम वाढतो आणि इंजिनाची शक्ती विमान ओढण्याऐवजी कर्णकर्कश आवाज करण्यात खर्ची पडते. म्हणून टोकाचा वेग सेकंदाला २५० मीटरांच्या आसपास किंवा त्याहून कमी राखण्याची दक्षता घेतली जाते. विमान स्वतः पुढे जात असते, तो वेगही यात मिळवावा लागतो.

मग पंखाच लहान का करू नये? ५,८०० फेऱ्यांना टोकाचा वेग २५० मीटरांवर ठेवायचा, तर पंख्याचा व्यास सुमारे ८२ सेंटिमीटर करावा लागेल. एवढ्या पंख्यामागे इंजिनाचे आवरणच त्याच्या बऱ्याचशा भागासमोर आडवे येईल. पण मुख्य अडचण वेगळी आहे. प्रोपेलर हवा मागे ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून विमान पुढे जाते. हा ढकलण्याचा जोर दोन प्रकारे मिळवता येतो. थोडी हवा फार वेगाने मागे फेकावी, किंवा पुष्कळ हवा सावकाश मागे सारावी. दुप्पट हवेला निम्मा वेग दिला, तरी जोर तेवढाच मिळतो. मात्र हवेला वेग देण्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दुसऱ्या प्रकारात ऊर्जा निम्मीच लागते. १.७ मीटरचा पंखा ८२ सेंटिमीटरच्या पंख्यापेक्षा चौपटीहून अधिक क्षेत्रातील हवा कवेत घेतो. विमान धावपट्टीवरून सुटत असताना, म्हणजे वेग कमी आणि जोराची निकड सर्वांत अधिक असताना, हा फरक प्रकर्षाने जाणवतो. छोट्या पंख्याचे विमान धावपट्टी संपली तरी जमीन सोडणार नाही, असेही होऊ शकते.

तात्पर्य, पंख्याला मोठा व्यास आणि कमी फेऱ्या हव्या असतात. इंजिनाची गरज नेमकी उलट असते. सिलिंडरमध्ये होणारा प्रत्येक स्फोट ठरावीक काम करतो. मिनिटाला जितके स्फोट अधिक, तितकी शक्ती अधिक. लहान इंजिनाकडून अधिक शक्ती हवी असेल, तर ते जलद फिरवावे लागते. या दोन परस्परविरोधी मागण्यांमधील तडजोड विमानविद्येच्या पहिल्या दिवसापासून चालू आहे.

राइट बंधूंनी ती पहिल्याच विमानात केली होती. १९०३ मध्ये त्यांचे विमान उडाले, तेव्हा त्याचे इंजिन मिनिटाला हजारभर फेऱ्या करीत होते आणि अडीच मीटरांहून अधिक व्यासाचे दोन प्रोपेलर त्याच्या सुमारे एक-तृतीयांश वेगाने फिरत होते. मध्ये होत्या साखळ्या. ही मंडळी मूळची सायकल-दुकानदार. इंजिनावर लहान दातेरी चाक आणि प्रोपेलरवर मोठे चाक ही युक्ती त्यांच्या हाताखालचीच होती. दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या विरुद्ध दिशांनी फिरावेत, म्हणून त्यांनी एका बाजूची साखळी आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन चढवली. इंजिन अवघे बारा अश्वशक्तीचे होते. पंखे सावकाश फिरवण्याची ही योजना नसती, तर एवढ्या शक्तीत ते विमान माणसासह वर उचलले गेले असते का, याची शंकाच आहे.

पुढे विमाने मोठी झाली, तशा या पेट्याही मोठ्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या लढाऊ विमानाचे मर्लिन इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या करी, आणि पंखा त्याच्या निम्म्याहून कमी वेगाने फिरे. त्याच काळात वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीच्या कारखान्यात डाकोटा आणि कॅटलिना जातीची विमाने दुरुस्तीसाठी येत. त्या दोहोंच्या इंजिनांमध्येही दंतचक्रे होती. इंजिनाच्या सोळा फेऱ्या झाल्या की पंख्याच्या नऊ होत. बंगळुरूच्या कारागिरांना या यंत्रणेची ओळख झाली ती अशी, युद्धाच्या धामधुमीत.

लहान विमानांनी मात्र पुष्कळ वर्षे ही पेटी दूर ठेवली. कोल्हापूरजवळच्या हसूर गावी जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांटल या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन केले आणि पुढे बंगळुरूच्या या कारखान्यात विमानांचे आराखडे सिद्ध केले. त्यांच्या नेतृत्वाखाली घडलेले एचटी-२ हे प्रशिक्षण-विमान १९५१ च्या ऑगस्टमध्ये प्रथम उडाले. भारतीय वैमानिकांच्या एका पिढीने त्यावर धडे गिरवले. त्यावर बसवण्यात आलेले सिरस मेजर इंजिन १५५ अश्वशक्तीचे होते आणि पंखा थेट दांड्यावर होता. हे इंजिन सहा लिटरांहून मोठे होते. ते सावकाश फिरे, म्हणून पंख्याला पेटीची गरज नव्हती. पण सावकाश फिरून एवढी शक्ती द्यायची, तर सिलिंडर मोठे हवेत, आणि मोठे सिलिंडर म्हणजे अधिक वजन. ‘हंस-३’चे रोटॅक्स इंजिन आकाराने अवघे १.२ लिटरचे आहे, तरी उड्डाणाच्या वेळी ११५ अश्वशक्ती देते. पाचव्या हिश्श्याच्या आकारातून पाऊणपट शक्ती. याचे अर्धे श्रेय मिनिटाला ५,८०० फेऱ्यांना आणि उरलेले हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचार्जरला द्यावे लागेल.

कॉन्टिनेन्टलचे १२५ अश्वशक्तीचे इंजिन काढून ११५ चे बसवण्यात तोटा झाला, असे वरवर पाहता वाटेल. येथे बंगळुरूची उंची मोजावी लागते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथील हवा सपाटीवरील हवेपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी विरळ असते. साधे इंजिन जेवढी हवा ओढते तेवढीच शक्ती देते. त्यामुळे सपाटीवर १२५ अश्वशक्ती देणारे इंजिन येथे सुमारे ११३ च देईल. टर्बोचार्जर असलेले इंजिन दोन हजार मीटरांहून अधिक उंचीपर्यंत आपली शक्ती टिकवून ठेवते. म्हणजे बंगळुरूच्या धावपट्टीवर दोन्ही इंजिने जवळजवळ सारखीच ठरतात, आणि नव्या इंजिनाचे वजन पेटीसकट जुन्यापेक्षा वीस-तीस किलोंनी कमी भरते. एकूण साडेसातशे किलोंच्या विमानात ही बचत लहान म्हणता येणार नाही.

आता ती पेटी उघडून पाहावी. तिच्यात मुख्यतः दोन दंतचक्रे असतात. इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरील चक्राला २१ दात आणि पंख्याच्या दांड्यावरील चक्राला ५१ दात. ५१ ला २१ ने भागले की २.४३ येतात, इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना पंख्याची एक फेरी होते. इंजिन ५,८०० फेऱ्या करीत असताना पंखा सुमारे २,३९० करतो, आणि आधी पाहिलेल्या पंख्याच्या टोकाचा वेग ५१६ वरून २१२ मीटरांवर येतो. जोराचा हिशेबही असाच मांडता येतो. ११५ अश्वशक्तीला क्रँकशाफ्टवर सुमारे १३९ न्यूटन-मीटर टॉर्क असतो. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला १४ किलो वजन टांगल्यावर दांड्याला जो पीळ बसेल, तेवढा हा जोर. पेटीच्या पलीकडे तो सुमारे ३३८ न्यूटन-मीटर होतो, म्हणजे त्याच टोकाला ३४ किलोंहून अधिक. दातांच्या घर्षणात थोडी शक्ती वाया जाते, ती उष्णतेच्या रूपाने तेलात उतरते. दोन चक्रे एकमेकांत गुंतली की त्यांच्या दिशा उलट होतात, त्यामुळे पंखा इंजिनाच्या विरुद्ध फिरतो. शिवाय पंख्याचा दांडा क्रँकशाफ्टच्या वर येतो. हा लाभ अनपेक्षित वाटेल, पण विमानाच्या नाकावरील पंखा जमिनीपासून थोडा वर राहिला की खडे उडून पाती खराब होण्याची भीती कमी होते.

बंगळुरूतच घडणाऱ्या छोट्या मायक्रोलाइट विमानांमध्ये दोन्ही पंथ शेजारी शेजारी दिसतात. राज हंस अल्ट्रालाइट्स या कंपनीचे एक्स-एअर हे कापडी पंखांचे विमान रोटॅक्स ५८२ या द्विघाती इंजिनावरही उडते आणि ऑस्ट्रेलियाच्या जबिरू इंजिनावरही. पहिले ६,५०० फेऱ्यांना ६४ अश्वशक्ती देते आणि पेटीवाचून त्याचे चालत नाही. दुसरे सुमारे ३,३०० फेऱ्यांवर थांबते आणि पंखा थेट फिरवते. मात्र त्याचा पंखा लहान ठेवावा लागतो. कोणता पंथ श्रेष्ठ, याविषयी वैमानिकांमध्ये वाद रंगतात. खरे पाहता, साधेपणा हवा असणाऱ्याने जबिरू घ्यावे, आणि तोकड्या मैदानातून वर चढायचे असेल त्याने पेटी पत्करावी.

इथपर्यंत सारे सोपे वाटते. दोन चक्रे जुळवली की काम झाले, असे समजून मोटारगाडीच्या इंजिनाला घरच्या घरी पेटी जोडण्याचे प्रयत्न जगभर अनेकांनी केले. मोटारीचे इंजिन स्वस्त मिळते, त्याचे भागही सर्वत्र मिळतात. पण यांतील पुष्कळ प्रयत्न फसले, आणि काहींमध्ये माणसे दगावली. दोष बहुधा चक्रांच्या दातांच्या गणितात नव्हता. तो एका अदृश्य गोष्टीत होता, ती म्हणजे पिळाची थरथर.

पिस्टनचे इंजिन विजेच्या मोटारीसारखे एकसारखे फिरत नाही. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात प्रत्येक फेरीत दोन स्फोट होतात. प्रत्येक स्फोटाला दांडा झटक्याने पुढे जातो, आणि दोन स्फोटांच्या मध्ये मागे रेंगाळतो. दुसऱ्या टोकाला पंखा असतो. तो जड आणि लांब, त्यामुळे एकदा फिरू लागला की आपली गती सहजासहजी बदलू देत नाही. झटके देणारे इंजिन एका बाजूला आणि हट्टी पंखा दुसऱ्या बाजूला, आणि या ओढाताणीत सापडतात ते चक्रांचे दात. दात एकमेकांत अगदी घट्ट बसवता येत नाहीत, थोडी फट ठेवावीच लागते. इंजिन सावकाश फिरत असताना एका क्षणी इंजिन पंख्याला ढकलते, तर दुसऱ्या क्षणी पंखाच इंजिनाला ओढतो. आणि प्रत्येक वेळी ही फट ओलांडून दात दातावर आदळतो. सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा हातोडीचे घाव बसावेत, तसे हे होते.

याहून धोक्याची गोष्ट म्हणजे अनुनाद. झाडाला टांगलेल्या झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत गेले, तरी झोका उंच उंच जातो. इंजिन, पेटी आणि पंखा मिळून जो दांडा बनतो, त्यालाही पिळाची आपली अशी एक लय असते. स्फोटांची लय तिच्याशी जुळली, तर प्रत्येक झटका आधीच्या झटक्यात मिळतो आणि पीळ सरासरी जोराच्या कितीतरी पट वाढतो. सरासरीचा हिशेब धरून बनवलेला पोलादी दांडाही मग थोड्याच तासांत तडकतो. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. वैमानिकाला थरथर जाणवते, तीही प्रत्येक वेळी नव्हे.

यावरचा उपाय म्हणजे मध्ये काहीतरी मऊ ठेवणे. काही पेट्यांमध्ये रबराचा जोड असतो. रोटॅक्सच्या पेटीत उतरत्या कडांचे दोन पंजे एकमेकांत बसलेले असतात, आणि त्यांच्यामागे बशीच्या आकाराच्या पोलादी स्प्रिंगांची चळत असते. झटका आला की पंजा उताराने थोडा वर सरकतो, स्प्रिंगा दबतात आणि झटका त्यांत विरतो. जोड असा मऊ केला की यंत्रणेची नैसर्गिक लय खाली उतरते, इतकी की इंजिन आपल्या संथ गतीवर आले तरी स्फोटांची लय तिच्या वरच राहते. म्हणूनच या इंजिनाची संथ गती मिनिटाला १,४०० फेऱ्यांच्या खाली आणू नये, असा दंडक आहे. इंजिन सुरू होताना आणि थांबताना ती धोक्याची लय ओलांडावीच लागते; तेव्हा होणारा खडखडाट नवख्याला घाबरवतो, पण तो क्षणभराचा असतो. याशिवाय एक घसरणारा क्लच असतो. पंखा जमिनीला आपटला तर हा क्लच घसरतो आणि क्रँकशाफ्टवर येणारा आघात सौम्य होतो.

चक्रांऐवजी पट्टा वापरला, तर हे झटके बरेचसे पट्ट्यातच जिरतात. दातेरी पट्ट्यांच्या यंत्रणेला तेल लागत नाही आणि ती बनवायलाही सोपी पडते. पण पट्टा ताणून बसवावा लागतो, आणि हा ताण रात्रंदिवस दोन्ही दांड्यांच्या बेअरिंगवर पडत राहतो. उष्णता, धूळ आणि तेलाचे शिंतोडे यांनी पट्ट्याचे आयुष्य घटते. साखळीचे तर बोलायलाच नको. राइट बंधूंनंतर तिचा मार्ग फारसा कोणी धरला नाही.

पेटी जोडणाऱ्याला आणखी एक गोष्ट विसरून चालत नाही. पंखा केवळ फिरत नाही, तो संपूर्ण विमानाला ओढतो. त्यामुळे त्याच्या दांड्यावर पुढच्या दिशेने सतत ओढ असते. विमान वळू लागले की फिरत्या भोवऱ्याप्रमाणे पंखा त्या वळण्याला विरोध करतो आणि दांड्याला वाकवू पाहतो. मोटारीच्या क्रँकशाफ्टची बेअरिंगे अशा ओढीसाठी घडवलेली नसतात. चांगल्या पेटीत पंख्याचा दांडा स्वतःच्या भक्कम बेअरिंगांवर उभा असतो, आणि इंजिनाला फक्त फिरवण्याचेच काम उरते. पेटीचे वजन नाकाच्या टोकाला येते, याचाही हिशेब ठेवावा लागतो. सहाशे किलोंच्या विमानात गुरुत्वमध्याच्या दीड मीटर पुढे दहा किलो वाढवले, तर गुरुत्वमध्य जवळजवळ अडीच सेंटिमीटर पुढे सरकतो. आकडा क्षुल्लक वाटतो. पण लहान विमानात गुरुत्वमध्याला मागेपुढे सरकायला मुळातच थोडे सेंटिमीटर मिळतात, आणि ते संपले की उतरताना नाक वर उचलणे अवघड होते. तेव्हा एखादी बॅटरी शेपटीकडे हलवून तोल साधावा लागतो.

यंत्र निर्दोष असूनही माणसाच्या सवयीमुळे ते कसे बदनाम होते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. सेस्ना कंपनीने १९५८ मध्ये १७५ या विमानात दंतचक्रांचे इंजिन बसवले. ते ३,२०० फेऱ्यांना १७५ अश्वशक्ती देई, आणि पंखा २,४०० फेऱ्या करी. वैमानिकांना थेट पंख्याच्या इंजिनांची सवय होती. तबकडीवर तीन हजारांचा आकडा दिसला की इंजिनावर अत्याचार होतो आहे, असे त्यांना वाटे; मग ते इंजिन ओळखीच्या आकड्यावर खाली आणत. तबकडी इंजिनाच्या फेऱ्या दाखवते, पंख्याच्या नव्हे, एवढेच त्यांच्या लक्षात येत नसे. संथ फिरणाऱ्या इंजिनावर भार तसाच राही, ते तापे, दात झिजत, आणि दोष मात्र पेटीला लागे. काही वर्षांतच ते विमान बंद झाले. त्यानंतर लहान विमानांत दंतचक्रांवर लोकांचा पुन्हा विश्वास बसायला बराच काळ जावा लागला.

म्हणून प्रमाणित विमानात कोणालाही आपल्या मनाने पेटी बसवता येत नाही. इंजिन, पेटी आणि पंखा ही तिन्ही एकत्र तपासून मंजूर झालेली असतात. पंखा बदलला तरी त्याच्या जडत्वानुसार पिळाची लय बदलते, आणि कागदावर निर्दोष दिसणारी जोडी प्रत्यक्षात घातक ठरू शकते. भारतात असा प्रत्येक बदल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मंजुरीनेच करावा लागतो.

देखभालीच्या बाबतीतही पेटी आपले वेगळे लाड करून घेते. रोटॅक्सच्या या इंजिनांत इंजिनाचे तेलच पेटीत खेळते. उड्डाण क्लबांत मिळणाऱ्या विमानी पेट्रोलमध्ये शिसे असते. त्याचा गाळ तेलात उतरतो आणि क्लचमध्ये साचतो, म्हणून असे पेट्रोल वापरल्यास तेल लवकर बदलावे लागते. इंजिनाच्या कवचात एक चुंबकीय बूच बसवलेले असते. कारागीर ते ठरावीक तासांनी काढून पाहतो. त्यावर बारीक राखाडी लेप दिसला, तर ती नेहमीची झीज समजावी. पोलादाचे कण किंवा चकचकीत किस दिसला, तर मात्र दात किंवा बेअरिंग तुटू लागल्याची ती पहिली सूचना असते, आणि विमान तेथेच थांबवले जाते.

‘हंस-३’ ची दहाहून अधिक विमाने देशातील उड्डाण क्लबांत आणि कानपूरच्या आयआयटीत गेली. त्याच घराण्यातील ‘हंस-एनजी’ हे नवे विमान ३ सप्टेंबर २०२१ रोजी बंगळुरूत प्रथम उडाले. त्याला रोटॅक्सचेच ९१२ हे इंजिन आहे, इंधन पुरवठ्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक आहे. पेटीतील चक्रे मात्र तीच, २१ आणि ५१ दातांची. अशा विमानाच्या उड्डाणापूर्वी एक छोटा विधी असतो. विजेची बटणे बंद असल्याची खात्री करून पंखा हाताने, त्याच्या फिरण्याच्याच दिशेने, सावकाश फिरवला जातो. काही फेऱ्यांनंतर तेलाच्या टाकीतून गुडगुड असा आवाज येतो. तेल इंजिनातून टाकीत परतल्याची ती खूण. तो आवाज आल्यावरच तेलाची पातळी मोजावयाची असते. त्याच वेळी पंख्याचे पाते थोडे पुढेमागे हलवले, तर काही अंश ते मोकळे सरकते आणि मग पंजा स्प्रिंगेला लागून हाताला विरोध जाणवतो. अनुभवी कारागीर या विरोधावरूनच पेटीची प्रकृती ओळखतो.